एक वरचा, एक खालचा

"मॅडम, आप बच्ची को तोल रही हो या खिला रही हो?"

तिवारी सर ऑपरेशन थिएटरच्या दारात उभे राहून ओरडत होते. नागपूरचे सर्जन, लहान मुलांचे. मराठी चांगली बोलायचे, पण राग आला की थेट हिंदीत शिरायचे. आवाज असा की नवेगावच्या तलावावरची बदकं त्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यावर उतरली नाहीत. मी काही बघायला गेले नव्हते, पण उतरली नसणार.

"अकरा वाजले. नऊ मुलं सकाळपासून उपाशी आहेत. कागदावर वजन लिहिलेलं आहे, चार किलो आठशे. और क्या चाहिए?"

मेश्राम मॅडम त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. चार महिन्यांची एक पोरगी दोन्ही तळहातांवर आडवी घेतलेली, स्वतःचे डोळे मिटलेले. वाण्यानं दिलेली तांदळाची पिशवी खरंच पाच किलोची आहे का, हे आपण पाहतो ना हातात घेऊन, तशा त्या तिला बोटभर वर-खाली करत होत्या. पोरगी भुकेनं रडत होती, तीही आता थांबून त्यांच्याकडे बघायला लागली.

"चार-आठशे नाही," मॅडम म्हणाल्या. "पाचच्या वर आहे. पुन्हा मोजा."

"हिला?"

"सगळ्यांना."

तिवारी सरांनी टोपी काढली, परत घातली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्या थिएटरची सिस्टर. मी ट्रेकडे पाहिलं. वीस वर्षांत एवढं शिकले होते, की मेश्राम मॅडम वजनावर अडल्या की घड्याळाकडे बघून उपयोग नाही.

त्या का अडल्या ते आधी सांगते. भूल दिली की माणसाची जीभ ढिली पडते आणि मागे सरकून श्वासाची वाट अडवते. वाट मोकळी राहावी म्हणून घशात एक मऊ मास्क बसवतात, चमच्याच्या तोंडाएवढा, मागे नळी जोडलेला. त्याला नंबर असतात, चपलेला असतात तसे. चप्पल चावली तर माणूस कुरकुर करतं. भूल दिलेलं पोर कुरकुर करत नाही, निळं पडतं. मास्क लहान पडला तर बाजूनं हवा सुटते, मोठा झाला तर आत दुमडतो आणि जी वाट उघडायची तीच बुजवतो. नंबर ठरतो वजनावरून, आणि पाच किलो ही त्यातली एक रेघ आहे. रेघेच्या खाली एक नंबर, वर दीड नंबर. ही पोरगी बरोबर त्या रेघेवर येऊन बसलेली.

एरवी इतक्या लहान पोरांना आम्ही हात लावत नाही, नागपूरला पाठवतो. पण हिच्या जांघेतली आतड्याची गाठ, म्हणजे हर्निया, दोनदा अडकून सुटली होती. आई केशोरीकडची. दोनदा नागपूरची चिठ्ठी दिली, दोनदा ती नागपूरला न जाता घरूनच परत आली. "घरचे सोडत नाहीत बाई," एवढंच म्हणायची. तिसऱ्यांदा गाठ अडकून सुटली नाही, तर पोरगी नागपूरपर्यंत पोचणार नव्हती. म्हणून लहान मुलांच्या ऑपरेशनच्या शिबिराला तिवारी सर येतायत म्हटल्यावर मॅडमनी हो म्हटलं होतं, आणि यादीत तिला पहिला नंबर दिला होता.

आता मॅडम कोण, ते.

गोंदिया जिल्ह्यात "भूलवाल्या मॅडम" एवढं म्हटलं तरी पुरतं. सकाळी तिरोड्याला एक सिझेरियन, दुपारी कोहमाऱ्याहून आत आमच्याकडे एक अपेंडिक्स, परत जाताना वाटेत कुणाचा तरी मोडलेला हात. पांढरी छोटी गाडी स्वतः चालवायच्या. जिल्ह्यात असा रस्ता नाही ज्यावरचे खड्डे त्यांना नावानिशी माहीत नाहीत. निम्म्या जिल्ह्याला त्यांनी झोपवलंय. निवडणुकीला उभ्या राहिल्या असत्या तर हमखास निवडून आल्या असत्या, अडचण एवढीच की मतदारांना त्यांचा चेहरा आठवला नसता.

वडील गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मापारी, म्हणजे काट्यावरचा माणूस. दिवसभर पोती तोलायची आणि आकडा ओरडायचा. ही पोरगी शाळा सुटली की मिलमध्ये जाऊन त्यांच्या शेजारी बसायची. बाप पोत्याकडे बोट दाखवून विचारायचा, किती. ही सांगायची. मग काट्यावर चढवायचे. चूक निघाली तर घरी जाईपर्यंत बाप बोलायचा नाही, बरोबर निघालं तरी बोलायचा नाही. मॅडमचं कमी बोलणं तिथूनच आलेलं. त्यांचं वजनाचं ज्ञानही तिथूनच, आणि ते मात्र भयंकर होतं. मी त्यांना म्हशीचं वजन सांगताना पाहिलंय. चालत्या म्हशीचं. म्हैस थांबली तेव्हा त्यांनी पाव किलो दुरुस्त केलं.

बरं, नुसतं वजन नाही. माणूस समोर आला की त्या आधी हनुवटी बघायच्या, मग मान, मग तोंड किती उघडतं ते. लोक एकमेकांना नमस्कार करतात, मॅडम म्हणायच्या, "आ करा." ऑपरेशन असो नसो. आमच्या सासूबाई पाय मुरगळला म्हणून दवाखान्यात आल्या होत्या, त्यांनाही "आ करा." त्यांनी केला. मॅडमनी आत डोकावून मला सांगितलं, "सिस्टर, यांचं तोंड फार चांगलं उघडतं. काही त्रास नाही." मी म्हटलं, मॅडम, त्रास कुणाला ते आमच्या घरी येऊन बघा. मॅडम हसल्या नाहीत. त्या आपल्या सासूबाईंचे दात मोजत होत्या.

एकदा त्यांच्यासोबत तिरोड्याला लग्नाला गेले होते. पंगतीत बसल्या बसल्या त्या माणसं मोजत होत्या. वाढणारा आला, "चार नंबर." वधूची मावशी आली, "तीन, पण पुढचे दोन दात हलतात, सांभाळून." मग नवरदेव आला पाया पडायला. चांगला पॉवर प्लांटमध्ये नोकरीला, बुटका, जाड, मान अशी नाहीच, डोकं सरळ खांद्यावर ठेवलेलं. मॅडमनी आशीर्वाद दिला, तो पुढे गेला, आणि मग त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "याचं ऑपरेशन कधी ठरलं तर मला दोन दिवस आधी सांगा."

हे मी नवरदेवाच्या मामांना सांगायला नको होतं. मामांनी नवरदेवाला सांगितलं. पुढच्या वर्षी बाजारात दिसला तेव्हा ओळखू आला नाही, एवढा वाळला होता. मान निघाली होती त्याला. मी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "आता एक दिवस आधी सांगितलं तरी चालेल."

आणि कोहमाऱ्याच्या ढाबेवाल्या शेठची गोष्ट तर त्या रस्त्यावर अजून सांगतात. शेठ म्हणजे हायवेवरचं प्रस्थ. एकशे अठरा किलो. ट्रकवाले गाडी लावायला जागा शोधत, तर त्यांना आधी शेठला खुर्चीसकट सरकवावं लागायचं. हात मोडला म्हणून आमच्याकडे आला. कुणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं की घशात मास्क घालतात आणि त्याला नंबर असतात. तर मॅडम तपासायला गेल्याबरोबर याचा पहिला प्रश्न, "मॅडम, माझा कितवा नंबर?"

मॅडमनी टेपनं त्याची उंची मोजली. आ करायला लावलं. मानेवर हात ठेवून डोकं मागं करून पाहिलं.

"चार."

शेठचा चेहरा पडला. "सर्वात मोठा कितवा असते?"

"पाच."

"मंग माले पाच लावा ना. माझ्या मुनीमले मागच्या साली तुम्हीच भूल दिली होती, त्याले बी चार लावला म्हणे. तो पंचावन्न किलोचा आहे. मुनीमले चार आन मालकाले बी चार, हे काही बरं दिसत नाही."

"तुमचा घसा मुनीमाएवढाच आहे. वरचं सगळं बारदान आहे."

बारदान म्हणजे पोत्याचं वजन. धान तोलताना पोत्याचं वजन वजा करून उरतं ते खरं धान. मॅडमच्या हिशेबात चरबी म्हणजे बारदान. माणूस जाड होतो, घसा त्याच्याबरोबर जाड होत नाही, म्हणून जाड माणसाचा मास्क काट्यावरून नाही, उंची आणि तोंड बघून निवडायचा. हे पुस्तकात वेगळ्या शब्दांत लिहिलेलंही आहे म्हणे, पण पुस्तक दाखवून शेठ ऐकला नसता. तो तसाही ऐकत नव्हता. "काऊन नाही लागत? मोठा लावून तं पाहा. मी कोणापेक्षा कमी आहो का?"

"लावते," मॅडम म्हणाल्या. "मोठा बसवला तर घसा सोलतो. चार दिवस गिळता येत नाही. ढाबा तुमचाच आहे ना?"

शेठनं चार नंबरला मान्यता दिली. पण पुढे कित्येक महिने ढाब्यावर तो गिऱ्हाइकांना सांगायचा की डॉक्टरीणबाईनं आपल्याला पाच नंबरच लावला होता, खास नागपूरहून मागवून.

आता एवढं सगळं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की मॅडम नजरेनं वजन सांगायच्या आणि त्यावर भूल द्यायच्या. आमच्याकडे सगळ्यांना तसंच वाटायचं. मीच सांगत फिरायचे. पण खरी गोष्ट उलटी आहे. मेश्राम मॅडमनी माझ्यासमोर एकाही पेशंटला नजरेच्या वजनावर झोपवलं नाही. नजरेनं सांगायच्या आणि काट्यावर चढवायच्या. काटा आणि नजर जुळली तर पुढं जायचं, नाही जुळली तर दोघांपैकी खोटं कोण ते आधी शोधायचं. आणि जुळल्यावरही ट्रेवर मास्क एक नाही ठेवायचा, तीन. ठरलेला नंबर मधे, शेजारी एक वरचा, एक खालचा. तिन्ही पाकिटं फोडलेली, तिन्ही तपासलेली. "सिस्टर, एक वरचा, एक खालचा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की बाजारात साडी बघतानाही माझ्या तोंडून निघून जातं.

याच्यामागे एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, गाडीत, समोर रस्त्याकडे बघत.

नवीन नवीन लागल्या होत्या तेव्हाची. कुठल्या दवाखान्यात ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सहा वर्षांचा मुलगा, हाताला गळू. नुसतं फोडायचं, दहा मिनिटांचं काम. आई म्हणाली अठरा किलो. मॅडमनी पाहिलं, त्यांच्याही नजरेत अठराच आलं, म्हणून काट्यावर चढवला नाही. अठराचा मास्क एकच काढून ठेवला. मुलाला झोपवलं, मास्क घातला, तो बसला नाही. छाती हलेना. दुसऱ्या नंबरचे मास्क कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली स्टोअरच्या बाबूकडे, आणि बाबू जेवायला घरी गेलेला. माणूस सायकलवर धाडला. तोपर्यंत मॅडम दोन्ही हातांनी त्या मुलाचा जबडा पुढे ओढून, वरून तोंडावर धरायचा साधा मास्क दाबून उभ्या राहिल्या आणि नर्स त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबत राहिली. बाबूला दही संपवायचं होतं, म्हणून त्यानं ते संपवलं.

"मुलगा?" मी विचारलं.

"बरा झाला. आता ट्रॅक्टर चालवतो."  कोहमारा आल्यावर म्हणाल्या, "वजन बरोबर होतं त्याचं. अठराच. नंबरही पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. तरी नाही बसला. त्याला काही कारण लागत नाही."

तेव्हापासून मॅडम कुठल्याही दवाखान्याच्या कपाटावर विश्वास ठेवायच्या नाहीत. स्वतःचा एक निळ्या कापडाचा गुंडाळा शिवून घेतला होता, सुताराच्या पटाशांचा असतो तसा, आत खण आणि प्रत्येक खणावर लाल दोऱ्यानं नंबर. तो टेबलावर उलगडला की अगदी लहानापासून पाच नंबरपर्यंत सगळी वरात समोर. आणि कुलपाचा त्यांना असा तिटकारा बसला की घरच्या कपाटालाही कुलूप नाही, गाडीलाही नाही. गाडी कुणी चोरली नाही. एकदा एकानं चोरायचा प्रयत्न केला असं मी ऐकलंय. त्यानं मागच्या सीटवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर आणि निळा गुंडाळा पाहिला, त्याला काय वाटलं कोण जाणे, काच पुसून निघून गेला.

तर त्या दिवशी शिबिरात ही बाई म्हणत होती की पुन्हा मोजा.

खरं तर त्यांच्या कानावर आधी आईचं बोलणं पडलं होतं. पोरगीला थिएटरच्या दाराशी आमच्याकडे देताना आई माझ्याशी हळूच बोलत होती. "बाई, मांगच्या महिन्यात आंगणवाडीच्या बाईनं मोजली तं पाच भरली होती. आज इथल्या भाऊनं चार-आठशे लिहिली. माझी पोट्टी सुकून राहिली का?" मी तिची समजूत घालत होते, काटे वेगवेगळे असतात वगैरे. मॅडमनी मधेच हात पुढे केले आणि पोरगी उचलली. त्यानंतरचं ओरडणं तुम्हाला सांगितलंच आहे.

तिवारी सर चुकीचं बोलत होते असं नाही. उपाशी तान्हं पोर जास्त वेळ ठेवणं वाईटच. आठ आया बाहेर पोरं खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होत्या आणि तो रडण्याचा कोरस ऐकून आमचा वॉचमनसुद्धा घरी फोन लावून आपल्या पोरांची चौकशी करत होता. "मॅडम, दोनशे ग्रामसाठी तुम्ही माझी लिस्ट थांबवता?" सर म्हणाले.

"दोनशे नाही. पाचशे-सहाशे आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि एकीचं चुकलं तर सगळ्यांचं चुकलं असेल. औषधंही त्याच वजनावर भरली आहेत."

मग वॉर्डातल्या कापगते भाऊंना बोलावलं. वजनं त्यांनी केली होती. कापगते भाऊ पन्नाशीचे, शांत, घरी सहा एकर धान. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही, एकदा रजेसाठी प्रयत्न केला तर साहेबांसमोर घाम फुटून तेच आजारी पडले.

"भाऊ, कोणत्या काट्यावर मोजली पोरं?"

"धान खरेदी केंद्राचा आणला मॅडम. आपला बिघडला हाय ना दोन महिन्यांपासून. सीझन नाही तं काटा रिकामाच होता तिथं. इलेक्ट्रॉनिक हाय, एकदम बरोबर दाखवते."

"त्याच्यावर पोरं कशी ठेवली?"

"लोखंड थंड लागते ना लेकरायले. म्हणून कोरं पोतं घडी करून टाकलं, त्याच्यावर चादर. पोतं टाकून काटा शून्य केला मंग."

"मग आकडा आला तो लिहिला?"

"नाही ना," भाऊ म्हणाले. "बारदान काटलं. सहाशे ग्राम."



"काटा शून्य केला होता ना भाऊ," मी म्हटलं. "पोत्याचं वजन तिथंच गेलं. मग परत कायले काटलं?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शहरातून आलेय. "बाई, मी वीस वर्षांपासून धान नेऊन राहिलो काट्यावर. काट्यानं काटलं तरी बाबू वरून काटतेच. मले वाटलं, तसंच असते."

तिवारी सर भिंतीला टेकले. आधी वाटलं परत ओरडणार, पण ते हसत होते. खांदे हलत होते नुसते. "नऊ मुलांचं बारदान दोनदा कापलं," ते म्हणाले, "हे मी कॉन्फरन्समध्ये कसं सांगू?"

मॅडमनी हसण्यात वेळ घालवला नाही. स्वतः बाहेर जाऊन काट्याशी उभ्या राहिल्या, आधी एक-एक लिटरच्या सलाईनच्या बाटल्या ठेवून काटा खरा आहे का ते पाहिलं, मग नऊच्या नऊ पोरं चढवली. प्रत्येकात सहाशे ग्रामची वाढ. आठ जणांच्या मास्कच्या नंबरात काही फरक पडला नाही. एकीच्या पडला. पाच किलो चारशे.

"बघ," मॅडम तिच्या आईला म्हणाल्या. "वाढली आहे. सुकली नाही."

आईनं डोळ्याला पदर लावला आणि कापगते भाऊंकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं आता भाऊंनाच भूल द्यावी लागणार. भाऊंनी हात जोडले. "पोरी, माफ कर. पोट्टी वजनदार हाय तुई."

पाऊण तास गेला होता. औषधं नव्यानं भरली. निळा गुंडाळा उलगडला. दीड नंबर मधे. शेजारी दोन, शेजारी एक. त्याच्याही पुढे श्वासनलिकेत घालायची बारीक नळी तयार, सगळंच फसलं तर. पोरगी टेबलावर आली. मॅडमनी तिच्या तोंडावर वास द्यायचा मास्क धरला, काहीतरी पुटपुटल्या, बहुतेक तिचं वजनच, आणि पोरगी झोपली.

इथून पुढचं मी जसंच्या तसं सांगते.

मॅडमनी दीड नंबर घातला. फुगा दाबला. छाती हलली नाही. किंचित मागे ओढून परत सरकवला, दाबला. नाही. मान थोडी मागे केली, दाबला. नाही. रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र टिकटिक करत असतं, आणि ऑक्सिजन उतरायला लागला की त्या आवाजाचा सूर खाली जातो.  तो खाली जायला लागला. तान्ह्या पोरांचा फार लवकर जातो. तिवारी सर हात धुऊन, दोन्ही पंजे वर धरून उभे होते. 

मॅडमनी दीड काढला. माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसता हात पुढे केला.

"खालचा."

मी एक नंबर त्यांच्या तळहातावर ठेवला. घातला. फुगा दाबला. पोरगीची छाती वर आली, कोवळ्या मडक्यासारखी गोल, आणि खाली गेली. परत वर आली. मॅडमनी कान लावून दोन्ही बाजूंनी ऐकलं, चिकटपट्टी लावली. यंत्राचा सूर पायरी पायरीनं चढत परत जागेवर आला. हे सगळं होऊन गेलं तेव्हा माझ्या हातात त्या दीड नंबरचं रिकामं पाकीट अजून तसंच होतं.

"करा सुरू," मॅडम सरांना म्हणाल्या.

वीस मिनिटांत ऑपरेशन झालं. तिवारी सरांचा हात फार चांगला, ते कबूल करावंच लागेल. मग बाकीची आठ. सगळ्यांना पुस्तकात होता तोच नंबर बसला, पहिल्या फटक्यात, एखाद्या शहाण्या मुलानं शाळेत उत्तर द्यावं तसा. शेवटचं पोर बाहेर गेलं तेव्हा चार वाजायला आले होते. कापगते भाऊंनी सगळ्यांना चहा आणून दिला आणि मॅडमच्या कपात, न विचारता, दोन चमचे साखर जास्त घातली.

मॅडम स्टुलावर बसून मास्क धुवायला वेगळे करत होत्या. तिथून वॉर्डाचं दार उघडं दिसत होतं. तिवारी सर चहा घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. दिवसभराचा थकवा आणि चहा मिळून त्यांना बोलायची हुक्की आली होती.

"मॅडम, एक बात बताओ. सकाळी मी म्हणत होतो चार-आठशे. म्हणजे एक नंबर. तुम्ही म्हणालात नाही. माझा पाऊण तास घेतलात, काटा तपासला, नऊ पोरं परत मोजली. वजन तुमचं बरोबर निघालं, मानलं. पाच-चारशे, दीड नंबर. आणि शेवटी बसला कोणता? एक. मतलब माझाच. तो फिर सही कौन था?"

मी हातातलं काम सोडून बघत होते. कापगते भाऊही किटली धरून थांबले होते. मला वाटलं, आता मॅडम त्या सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगतील, किंवा औषधांचा हिशेब काढतील. निदान तीन मास्क का ठेवतात, एवढं तरी बोलतील.

मॅडमनी मान वाकडी करून वॉर्डाच्या दारातून आत पाहिलं. केशोरीकडची ती आई खाटेवर भिंतीला टेकून, पोरगी पदराखाली घेऊन बसली होती.

"दूध पिऊन राहिली ती," मॅडम म्हणाल्या.